बंद होणाऱ्या स्टुडिओतला १०×१२ इंची कॅमेरा: घ्यावा का, आणि चालवावा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या जुन्या वस्तीतला एक फोटो स्टुडिओ बंद होतोय. मालक काका चाकांच्या लाकडी स्टँडवरचा १०×१२ इंची कॅमेरा विकायला तयार आहेत. सोबत पितळी लेन्स, दोन होल्डर (फिल्म किंवा प्रकाशसंवेदी काचेची प्लेट भरून कॅमेऱ्यात सरकवायच्या चपट्या पेट्या) आणि फाटलेला रबरी फुगा आहे. विचारणाऱ्याला रोल फिल्म धुण्याचा थोडा अनुभव आहे. कॅमेरा घ्यावा का, आज त्यात काय घालायचं, आणि पहिला फोटो कसा काढायचा?

कॅमेरा घ्या, पण तो मागून पुढे तपासत या. बहुतेकांची नजर आधी पितळी लेन्सवर जाते, मग पॉलिशवर, मग बेलोजवर, आणि होल्डर कोपऱ्यात पडून राहतात. तपासायचं मात्र बरोबर उलट्या क्रमाने. लेन्स पुढेमागे दुसरी मिळते. बेलोज, म्हणजे कॅमेऱ्याचा भाता, नवा शिवून घेता येतो. पण या कॅमेऱ्याच्या खाचेत नेमका बसणारा होल्डर विकत मिळत नाही. त्या काळी प्रत्येक कारखान्याचं माप वेगळं असे, आणि एकाच कारखान्याच्या दोन कॅमेऱ्यांचे होल्डरसुद्धा कित्येकदा एकमेकांना बसत नाहीत. म्हणून काकांना पहिला प्रश्न हाच विचारा: अजून होल्डर कुठे आहेत का? माळा, काउंटरखालचे खण, डार्करूमची फळी, सगळं त्यांच्याबरोबर बसून धुंडाळा. होल्डरमध्ये बसणाऱ्या आतल्या लाकडी चौकटीही मागून घ्या. त्या लावल्या की १०×१२ च्या होल्डरमध्ये फुल प्लेट (६½×८½ इंच) किंवा हाफ प्लेट (४¾×६½ इंच) बसते, आणि शिकताना खर्च निम्म्याहून कमी होतो.

(स्टुडिओऐवजी ऑनलाइन किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. दिवाणखान्यात ठेवायला नव्याने बनवलेले लाकडी-पितळी कॅमेरे ‘अँटिक’ म्हणून खपवले जातात. त्यांची मागची बाजू पाहिली की उलगडा होतो: होल्डर सरकवायची खाच नसते, काच नुसती चिकटवलेली असते आणि लेन्सच्या जागी साधं भिंग असतं. असल्या वस्तूने फोटो निघत नाही.)

जाताना टॉर्च, स्टीलची पट्टी, खोली मोजायची दांडी असलेला व्हर्नियर कॅलिपर आणि १०×१२ इंच कापलेला पुठ्ठा एवढं बरोबर ठेवा.

होल्डर हातात घेतल्यावर स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी सरकती पाटी, पूर्ण बाहेर ओढा आणि परत आत घाला. ती अडखळत असेल तर लाकूड फुगलंय. पावसाळ्यात पाहत असाल तर जोर लावू नका, कोरड्या हवेत ते बहुतेक वेळा सुटतं. स्लाइड जिथून आत जाते त्या तोंडाशी मखमलीची पट्टी असते, प्रकाश अडवायला. ती झिजलेली, कसर लागलेली असणारच. नवी मखमल लावणं सोपं आहे, त्यासाठी भाव पाडू नका. काही होल्डरची लाकडी स्लाइड कापडी बिजागरीवर दुमडते. ते कापड उन्हाच्या दिशेने धरून पाहा, तिथे भोकं असतात. पुस्तकासारखा उघडणारा होल्डर असेल तर मधला काळा पत्रा आणि त्यावरच्या स्प्रिंगा जागेवर आहेत का, ते बघा. पत्रा हरवला असेल तर एका बाजूचा प्रकाश दुसऱ्या बाजूच्या फिल्मपर्यंत पोचतो.

आता कॅमेऱ्याचा जीव जिथे आहे तो भाग. घासलेल्या काचेवर, म्हणजे ग्राउंड ग्लासवर, प्रतिमा ज्या पातळीवर स्पष्ट दिसते, होल्डर लावल्यावर फिल्मची पुढची बाजू बरोबर त्याच पातळीवर आली पाहिजे. जुने मोठे कॅमेरे ‘सॉफ्ट फोटो देतात’ अशी जी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा लेन्स नसते. या दोन पातळ्या जुळत नसतात. तीन गोष्टी बिघडलेल्या सापडतात. पहिली, कधीतरी काच फुटून नवी बसवताना ती उलटी बसवली गेली. घासलेली, खरखरीत बाजू लेन्सकडे हवी आणि गुळगुळीत बाजू तुमच्याकडे. दुसरी, मूळच्या पातळ काचेच्या जागी जाड काच वेगळ्या पट्ट्या ठोकून बसवली. तिसरी, होल्डर काचेच्या प्लेटसाठी बनवलेला असतो आणि आपण त्यात फिल्म घालतो. प्लेटची जाडी साधारण १.५ ते २ मिलीमीटर, फिल्मची सुमारे ०.२. स्प्रिंग प्लेटला मागून पुढच्या काठावर दाबते, पण एवढी पातळ फिल्म दाबली जात नाही, ती मधोमध पोट काढते. यावर उपाय सोपा आहे. फिल्मच्या मागे त्याच मापाचा काळा माउंट बोर्ड किंवा २ मिलीमीटर काच घाला. दोन्ही मिळून जाडी प्लेटएवढी झाली की स्प्रिंग आपलं काम करते. चारही कोपऱ्यांत हलक्या चिकटीची दुहेरी टेप लावली की मधला भागही सपाट राहतो.

मोजायचं असं. होल्डरमध्ये एक वाया गेलेली फिल्म पाठीमागच्या बोर्डसह भरा आणि स्लाइड काढा. होल्डरची जी बाजू कॅमेऱ्याला टेकते तिच्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि कॅलिपरच्या दांडीने फिल्मपर्यंतची खोली मोजा: चार कोपरे आणि मध्य. पट्टीची जाडी वजा करायला विसरू नका. मग होल्डर कॅमेऱ्यावर जिथे टेकतो त्या पातळीपासून काचेच्या घासलेल्या बाजूपर्यंतची खोली तशीच मोजा. फरक ०.३ मिलीमीटरपर्यंत असेल तर काही करू नका. जास्त असेल आणि काच मागे न्यायची असेल तर तिच्या बैठकीत कागदाच्या पट्ट्या घाला. रोजचा ८० ग्रॅमचा ऑफिसचा कागद सुमारे ०.१ मिलीमीटर जाड असतो, तेव्हा हिशेब सोपा आहे. काच पुढे आणायची असेल तर बैठक तासावी लागते. ते काम घाईने करू नका, आधी खाली दिलेली फोकसची चाचणी घेऊन खात्री करा.

काच फुटलेली असेल तर २ मिलीमीटर जाडीची साधी काच कापून आणा. इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानांतून कार्बोरंडम पूड घ्या, ४०० आणि ६०० नंबरची. पाण्यात कालवून काचेच्या छोट्या तुकड्याने गोल गोल घासा, आधी ४००, मग ६००. अर्ध्या-पाऊण तासात उत्तम ग्राउंड ग्लास तयार होते. बाजारची फ्रॉस्टेड काच खरखरीत असते, तिच्यावर बारीक फोकस दिसत नाही.

बेलोजसाठी अंधारी खोली हवी. भाता पूर्ण ताणा, आत एलईडी दिवा ठेवा आणि बाहेरून सगळीकडे पाहा. भोकं घड्यांच्या कोपऱ्यांवर असतात, सपाट भागावर क्वचित. पाच-दहा ठिपके दिसले तर दुरुस्ती करा: पातळ काळं कापड किंवा तासलेल्या चामड्याचे छोटे तुकडे, सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने आतून चिकटवायचे. पांढरा लाकडी गोंद वापरू नका, तो वाळून कडक होतो आणि घडी पडली की तडकतो. प्रत्येक कोपऱ्यात चांदण्या दिसत असतील तर मात्र नवा बेलोज शिवणंच बरं. ठिगळांनी घड्या इतक्या जाड होतात की भाता मिटत नाही.

लाकडाचं थोडक्यात: बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर कीड जिवंत आहे. असा कॅमेरा घरातल्या लाकडी सामानाशेजारी ठेवू नका. पुढे-मागे सरकवणाऱ्या दात्यांच्या पट्ट्या आणि चक्र्या शाबूत असाव्यात. पितळ चकचकीत करायचा मोह टाळा. पॉलिशने लेन्सवरची अक्षरं आणि आकडे पुसट होतात, आणि त्यांचीच पुढे गरज लागते.

लेन्समध्ये टॉर्च तिरकी मारून पाहा. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत असतील तर दोन भिंगं चिकटवणारा बाल्सम नावाचा पारदर्शक डिंक सुटतोय. नुसता काठावर असेल तर फोटोत फरक पडत नाही. मधोमध ढगाळ असेल तर कॉन्ट्रास्ट जातो. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर निघते, आत असेल तर काचेवर ठसा राहतो. बारीक ओरखड्यांना घाबरू नका. भिंगं बाहेर काढाल तर काढण्यापूर्वी प्रत्येकाच्या कडेवर पेन्सिलने बाण करा. जुन्या पेट्झवाल पोर्ट्रेट लेन्समध्ये मागची दोन भिंगं सुटी असतात आणि मध्ये कडं असतं. ती उलटसुलट बसली की कितीही फोकस करा, प्रतिमा धुरकटच राहते.

लेन्सवर फोकल लेंग्थ लिहिलेली नसते, किंवा इंचांत एक आकडा असतो. १०×१२ चा कर्ण १५.६ इंच, म्हणजे सुमारे ४०० मिलीमीटर. त्याच्या आसपासची लेन्स या मापाला ‘नॉर्मल’. मोजायची पद्धत अशी: भिंतीवर १० सेंटीमीटरची पट्टी लावा आणि कॅमेरा पुढेमागे करत काचेवर ती बरोबर १० सेंटीमीटर दिसेपर्यंत जुळवा. आता भिंतीपासून ग्राउंड ग्लासपर्यंतचं अंतर मोजून चाराने भागा. ४०० मिलीमीटरच्या लेन्सला हे अंतर १६० सेंटीमीटर येईल आणि बेलोज ८० सेंटीमीटर ताणावा लागेल. तेवढा ताणला जात नसेल तर दूरच्या इमारतीवर फोकस करून लेन्सच्या आयरिसपासून (आतल्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्रापासून) काचेपर्यंतचं अंतर घ्या, अंदाज पुरेसा येतो. अ‍ॅपर्चरसाठी लेन्स हातभर लांब धरा, आयरिस पूर्ण उघडा, पुढून दिसणाऱ्या गोलाचा व्यास मोजा आणि फोकल लेंग्थला त्याने भागा. ४०० ची लेन्स आणि ८० मिलीमीटर व्यास, म्हणजे एफ/५. काही जुन्या लेन्सवर ‘यूएस’ (युनिफॉर्म सिस्टिम) पद्धतीचे आकडे असतात: ४ म्हणजे एफ/८, ८ म्हणजे एफ/११, १६ म्हणजे एफ/१६, ३२ म्हणजे एफ/२२, ६४ म्हणजे एफ/३२. फक्त १६ हा आकडा दोन्ही पद्धतींत सारखा आहे. बाकीचे तसेच वाचले तर एक्सपोजर चुकतं.

तुटक्या फुग्यावरून वाटतं की लेन्सच्या मागे हवेच्या दाबावर चालणारं शटर आहे. फुगा दाबला की पितळी नळीतला दट्ट्या सरकतो आणि पाती उघडतात, सोडला की मिटतात. म्हणजे फुग्याने हवा ढकललीही पाहिजे आणि परत ओढलीही पाहिजे. ब्लडप्रेशरच्या यंत्राचा फुगा पुष्कळ जण लावतात आणि शटर उघडून तसंच राहतं, कारण त्या फुग्यात एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो. कान धुण्याच्या रबरी पिचकारीचा फुगा घ्या, त्यात व्हॉल्व्ह नसतो. नळी दीड-दोन मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर दाब नळीतच मुरतो. दट्ट्याला तेल अजिबात लावू नका, चिकट होऊन अडकतो. अगदीच जड जात असेल तर चिमूटभर ग्राफाइट पूड पुरे. शटर दुरुस्त होईपर्यंत लेन्सची टोपीच शटर समजा. एक सेकंद आणि त्याहून जास्त वेळेसाठी टोपी पुरेशी अचूक आहे.

एक गोष्ट घेण्याआधीच मनात पक्की असू द्या: हा खोलीतला कॅमेरा आहे. राजवाड्यासमोर स्टँड लावायचं स्वप्न असेल तर तो हा नव्हे. सात मजली दरवाजा सरळ उभा टिपायचा तर कॅमेरा वर न कलता लेन्स वर सरकली पाहिजे, नाहीतर खालचे दगडी आणि वरचे लाकडी मजले आत झुकल्यासारखे येतात. स्टुडिओ कॅमेऱ्यांत लेन्सची ही उठाण फार कमी असते. त्या कामाला घडीचा फुल प्लेट फील्ड कॅमेरा बघा. केरळात अलप्पुळ्याला बनलेले वागीश्वरी किंवा इंग्लंडचे थॉर्नटन-पिकार्ड अजूनही हाती लागतात. याला मात्र उत्तरेची मोठी खिडकी आणि खुर्ची द्या.

आता आत काय घालायचं. हे कॅमेरे एवढे मोठे का, तर त्या काळी प्रिंट निगेटिव्हएवढाच व्हायचा. कागद निगेटिव्हला चिकटवून उन्हात ठेवायचा, मोठा फोटो हवा तर निगेटिव्हच मोठी. इंदुरात सरकारी नोकरीत असताना लाला दीनदयाळ यांनी १८७४ मध्ये छायाचित्रण सुरू केलं, तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचं प्रोत्साहन त्यांना मिळालं, आणि त्यांचं काम मोठ्या काचेच्या प्लेटवरचं आहे. आपल्याला प्लेटची गरज नाही. १०×१२ इंच हे आपल्याकडे एक्स-रे फिल्मचं नेहमीचं माप आहे, आणि हाच या कॅमेऱ्याचा मोठा फायदा. ६½×८½ चीही फिल्म असते, ती फुल प्लेटच्या चौकटीत बसते.

दवा बाजारात एक्स-रे आणि सर्जिकल मालाच्या दुकानांत विचारताना नेमकं सांगा: डेव्हलपरमध्ये धुवायची, ग्रीन सेन्सिटिव्ह फिल्म. ‘ड्राय फिल्म’ किंवा लेझर फिल्म घेऊ नका. ती डिजिटल मशीनच्या प्रिंटरसाठी असते, कॅमेऱ्यात तिच्यावर काहीही उमटत नाही, आणि हल्ली दुकानात तीच जास्त असते. डब्यावरची मुदत वाचा. फिल्म नेण्याआधी होल्डरच्या आतलं माप मिलीमीटरमध्ये लिहून घ्या. कधीकधी एक-दोन मिलीमीटर छाटावं लागतं.

या फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं आणि ते मऊ असतं, म्हणून ओरखडे फार लवकर पडतात. फक्त कडा धरा, नखं कापलेली ठेवा. तिला तांबडा रंग दिसत नाही, म्हणून लाल दिव्यात भरता-धुता येते. दिवा खऱ्या गडद लाल एलईडीचा आणि सव्वा मीटर लांब. लाल रंग चोपडलेला झिरो बल्ब चालणार नाही, त्यातून हिरवा प्रकाश निसटतो. फिल्मच्या तुकड्यावर नाणं ठेवा, पाच मिनिटं त्या दिव्याखाली राहू द्या आणि धुवा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा बदला.

पण पहिल्या चाचण्यांना फिल्म वापरू नका, साधा काळा-पांढरा ब्रोमाइड पेपर वापरा. तो स्वस्त पडतो आणि धुवायला दीड-दोन मिनिटं लागतात. त्याची गती (आयएसओ) ६ धरा. पहिली चाचणी प्रकाशगळतीची: होल्डरमध्ये पेपर, लेन्सला टोपी, कॅमेरा दारात उन्हात, स्लाइड बाहेर, दोन मिनिटं. पेपर पांढराशुभ्र निघाला पाहिजे. दुसरी फोकसची: टेबलावर पाच पुस्तकं तिरक्या रांगेत उभी करा, एकामागे एक, मधल्यांत पाच-पाच सेंटीमीटर अंतर. आयरिस पूर्ण उघडी ठेवून भिंगाने मधल्या पुस्तकाच्या अक्षरांवर फोकस करा आणि पेपर एक्सपोज करा. धुतलेल्या पेपरवर मधलंच पुस्तक सर्वांत स्पष्ट हवं. मागचं पुस्तक स्पष्ट आलं तर फिल्मची पातळी ग्राउंड ग्लासपेक्षा लेन्सच्या जवळ आहे, काच पुढे न्यायची. पुढचं स्पष्ट आलं तर उलट, काचेखाली कागदाच्या पट्ट्या घालून ती मागे न्यायची. या दोन चाचण्या पार पडल्याशिवाय कुणाला खुर्चीत बसवू नका.

आता माणसाचा फोटो. लेन्स ४०० मिलीमीटर, माणूस लेन्सपासून २ मीटरवर. काचेवर प्रतिमा पाव पट येते, म्हणजे उभ्या १०×१२ मध्ये सव्वा मीटरहून किंचित कमी उंची मावते: गुडघ्यापासून डोक्यापर्यंत, वर थोडी जागा. या अंतरावर बेलोज ४०० ऐवजी ५०० मिलीमीटर ताणलेला असतो. ५०० भागिले ४००, त्याचा वर्ग, सुमारे १.५६. एवढ्या पटीने एक्सपोजर वाढवायचं. रोल फिल्मवाले इथे हमखास चुकतात, कारण लहान कॅमेऱ्यात हा हिशेब करावा लागत नाही. मोबाइलच्या लाइट मीटर अ‍ॅपमध्ये आयएसओ ८० ठेवा आणि चेहऱ्याजवळून मोजा. चांगल्या खिडकीशेजारी एफ/१६ ला साधारण ०.६ सेकंद येतो, १.५६ ने गुणला की एक सेकंद. टोपीने हे सहज जमतं.

एफ/१६ च का? एफ/५ ला स्पष्ट राहणारी खोली इथे जेमतेम ४ सेंटीमीटर आहे, एफ/८ ला साडेसहा, एफ/१६ ला सुमारे १३. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण ११-१२ सेंटीमीटर लागतात. पूर्ण उघड्या लेन्सने जवळचा डोळा स्पष्ट आणि कान विरघळलेले असा फोटो येतो, तो हवा असेल तर जरूर घ्या, पण मग माणूस होल्डर लावेपर्यंत दोन सेंटीमीटरही पुढेमागे होता कामा नये. फोकस केल्यावर टोपी लावायची, आयरिस मिटवायची, काच बाजूला करून होल्डर सरकवायचा, स्लाइड काढायची, आणि मग टोपी काढायची. यात अर्धं मिनिट जातंच. तेवढ्यात माणूस सैल पडतो. म्हणून पाठ टेकणारी, हात असलेली खुर्ची द्या आणि डोक्यामागे न दिसेलसा आधार ठेवा. पूर्वी त्यासाठी लोखंडी हेडरेस्ट असे, भिंतीला लावलेली छोटी उशीही चालते. कॅमेऱ्यापासून खुर्चीच्या पुढच्या पायापर्यंत दोरी बांधून ठेवली की अंतर पक्कं राहतं.

फिल्मला तांबडा दिसत नाही याचा परिणाम कपाळावर आधी दिसतो. कुंकू काळं येतं. ओठ गडद, लाल नऊवारी जवळजवळ काळी, जरीकाठ मात्र लख्ख. सावळी त्वचा आणखी गडद येते, सुरकुत्या आणि डाग उठून दिसतात. सावलीच्या बाजूला पांढरी चादर ताणून धरा आणि एक्सपोजर दीड पट द्या. निळा, आकाशी कपडा पांढरा पडतो. सांगायचंच असेल तर मोतिया, पिस्ता, फिकट पिवळा नेसून यायला सांगा.

धुवायला १२×१५ चा ट्रे, तळाशी कडा घासलेली काच. प्लास्टिक ट्रेच्या तळाच्या रेघा फिल्मच्या खालच्या इमल्शनवर ओरखडतात, काचेवर ती सरकते. एका वेळी एकच फिल्म. डेव्हलपर घरी बनवायला डी-२३ सोपा: सुमारे ५० अंश तापमानाच्या ७५० मिलीलिटर डिस्टिल्ड पाण्यात आधी चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग मेटॉल ७.५ ग्रॅम पूर्ण विरघळू द्या, मग उरलेलं सल्फाइट, एकूण १०० ग्रॅम, आणि पाणी घालून एक लिटर. मेटॉलने कातडीला खाज येते, हातमोजे घाला. वापरताना एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी, २० अंशांना साधारण ८ मिनिटांपासून सुरुवात. एक्स-रेचा तयार डेव्हलपर तसाच वापरला तर चेहरा खडूसारखा पांढरा आणि सावल्या काळ्या कुट्ट होतात. लाल दिव्यात फिल्म दिसते, तेव्हा घड्याळापेक्षा नजरेवर भरवसा ठेवा: चेहऱ्याचा भाग मागच्या बाजूनेही गडद दिसू लागला की काढा.

मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी वापरू नका. रात्री बादली भरून आत ठेवा, आणि डेव्हलपरचा ट्रे बर्फ घातलेल्या पाण्याच्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवा. प्रत्येक वाढत्या अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करा. २६-२७ च्या वर इमल्शन फुगतं आणि बोटाच्या स्पर्शानेही निघतं, त्या दिवशी काम थांबवा. हार्डनर असलेला एक्स-रेचा फिक्सर चांगला. फिल्म पारदर्शक व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ फिक्सरमध्ये ठेवा. धुण्याला नळाचं पाणी चालेल, शेवटची बुडी डिस्टिल्डमध्ये. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते. तो साठवून हायपो (वापरलेला फिक्सर) विकत घेणाऱ्यांना द्या.

निगेटिव्ह बिघडली तर आधी तिची कड पाहा. होल्डरच्या काठाखाली झाकलेली अरुंद पट्टी पारदर्शक असायला हवी. कडही राखाडी असेल तर दोष दिव्यात, जुन्या फिल्ममध्ये किंवा धुण्यात आहे. कड स्वच्छ आणि आतला भाग राखाडी असेल तर प्रकाश कॅमेऱ्यातून आला. दरवेळी त्याच जागी ठिपका किंवा धूसर डाग म्हणजे बेलोजला भोक. प्रतिमा उलटी असते पण बेलोजमधून घुसलेला प्रकाश उलटत नाही, तो सरळ आपल्या रेषेत जातो. तेव्हा भोक शोधताना फिल्म कॅमेऱ्यात होती तशी धरा. एका काठावरून आत पसरणारी काळी जीभ म्हणजे स्लाइडच्या तोंडाची मखमल. लांब समांतर ओरखडे ट्रेमधले, आणि चंद्रकोरीसारखी काळी खूण म्हणजे भरताना फिल्म वाकली.

पावसाळ्यात बेलोज पूर्ण मिटवून ठेवू नका, अर्धा उघडा ठेवा म्हणजे घड्यांत दमट हवा कोंडत नाही. वर सुती कापड घाला, प्लास्टिक नको. लेन्स काढून सिलिका जेलसह बंद डब्यात. डोक्यावर घ्यायच्या काळ्या कापडासाठी एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये जाड, घट्ट विणीचा काळा सुती कपडा घ्या, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. आतून काळा आणि बाहेरून पांढरा असा दुहेरी शिवला तर उन्हाळ्यात आत गुदमरायला होत नाही.

प्रिंटसाठी एन्लार्जर लागत नाही. जाड काच, खाली फोम, मध्ये निगेटिव्ह आणि पेपर. ब्रोमाइड पेपरवर कॉन्टॅक्ट करा, किंवा सायनोटाइप, म्हणजे उन्हात उमटणारा निळा प्रिंट, करा: १०० मिलीलिटर पाण्यात हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, दुसऱ्या १०० मिलीलिटरमध्ये पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, दोन्ही समप्रमाणात मिसळून कागदावर ब्रशने, मंद दिव्यात. या प्रिंटला निगेटिव्ह नेहमीपेक्षा दाट लागते, म्हणून डेव्हलपिंगचा वेळ दीडपट करा. दोन्ही बाजूंच्या इमल्शनमुळे एक्स-रे फिल्मला ही दाटी सहज येते. उन्हात ठेवल्यावर गडद भाग कांस्यासारखे करडे पडेपर्यंत थांबा, मग साध्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुवा.